दोन दुकानांतला गहू

विदोसावाकडे एक जुनी राखाडी शाल होती. ती तिने गेल्या कित्येक वर्षांत खांद्यावर घेतली नव्हती. शाल पिशवीसाठी होती. बोसिल्काच्या दुकानातून काही घेतलं की पिशवीवर शाल, आणि मग मिलिवोयेच्या दुकानासमोरून घरी. मिलिवोयेकडून काही घेतलं की पिशवीवर शाल, आणि मग बोसिल्काच्या दुकानासमोरून घरी. दुकानं समोरासमोर असल्यामुळे दुसरी वाट नव्हती. वाल्येवो शहराच्या नदीपलीकडच्या त्या चढाच्या गल्लीत शालीखाली काय आहे हे न ओळखणारा माणूसही नव्हता. पण उघडं नेणं वेगळं आणि झाकून नेणं वेगळं. झाकलं की समोरच्याचा मान राखल्यासारखं होतं.

हे दोघे दुकानदार एकेकाळी सरकारी दुकानात एकाच काउंटरमागे उभे राहत. ते दुकान बंद पडलं तेव्हा एकाने रस्त्याच्या या अंगाला शटर उघडलं, दुसरीने त्या अंगाला. भांडण कशावरून झालं हे मिलिवोये सांगे ते वेगळं आणि बोसिल्का सांगे ते वेगळं, पण दोन्ही हकिकतींत एक वजनकाटा होता. तो काटा शेवटी कोणाकडे गेला हे आता त्या दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं. अबोला मात्र व्यवस्थित चालू होता.

बोसिल्काच्या दुकानाचं सुख म्हणजे पाव. सकाळी यायचा तो कागदातून हाताला चटका देत यायचा, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं एक टोक खाऊन संपलेलं असायचं. त्या दुकानाचा त्रास म्हणजे बोसिल्का. "विदामावशी, दोनच अंडी? पोट बरं नाही का गं? दालिबोरचा फोन आला? सून काय म्हणते? तिचं वजन उतरलं का काही?" मागची रांगही उत्तरासाठी कान देऊन उभी असे. सुटे पैसे नसले की बोसिल्का त्याबदली च्युइंगगम हातावर ठेवी. विदाला कवळी होती. तिच्याकडे बिस्किटांचा एक अख्खा डबा च्युइंगगमांनी भरला होता.

मिलिवोयेकडचं सुख म्हणजे चीज. डोंगरातून यायचं, लाकडी पिंपात मिठाच्या पाण्यात असायचं, आणि घेण्याआधी तो चाकूच्या टोकावर तुकडा पुढे करायचा. कॉफीही तो डोळ्यांदेखत दळून द्यायचा. पण जे मागाल ते त्याच्याकडे कधी नसे, आणि नाही म्हणायची त्याला लाज वाटे. "शेवया कशाला हव्यात वहिनी? तांदूळ घ्या. तांदूळ बरा." मागे टीव्हीवर बातम्या लागलेल्या असत, आणि तो गिऱ्हाइकाआधी टीव्हीला उत्तर देई.

विदाचं सगळं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. माणसांपेक्षा पातेल्यांशी बोलायची सवय जास्त. त्यामुळे रोजचं किडुकमिडुक ती आणी, पण मुद्दामचा बाजार तिचा नवरा तिहोमिर करी. त्यातही स्लावाचा बाजार तर तिने जन्मात केला नव्हता.

त्यांच्या कुळाचा संत लूका. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्याचा दिवस, तीच त्यांच्या घरची स्लावा. शिजवलेला गहू, मेणबत्ती, लाल वाइन आणि घरचा पाव, हे झालं की सण झाला. बाकीचं पाहुण्यांसाठी. दार उघडं असतं आणि येणारा येतो. स्लावाला कोणी कोणाला बोलवत नाही. लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात. स्लावाला बोलावलं तर ज्याला बोलावलं त्याचाही अपमान होतो आणि संताचाही. ज्याला यायचं त्याला ते ठाऊक असतं.

तर दरवर्षी, सणाच्या आधीच्या शनिवारी, सगळी गल्ली पावासाठी रांगेत उभी असायच्या वेळेला तिहोमिर टोपी घालून निघायचा. आणायचं काय, तर किलोभर गहू आणि एक मेणबत्ती. परत यायचा तो जेवणाची वेळ टळून गेल्यावर, तोंडाला राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा वास, गाल लाल, आणि दोन बगलांत गव्हाची दोन पुडकी. एक बोसिल्काच्या दुकानचं, एक मिलिवोयेच्या.

"अरे माणसा, दोन किलो कशाला? घोडा पाळलायस का?"

"विसरलो गं. इकडे घेतला, आणि तिकडे गेल्यावर पुन्हा घेतला."

"दरवर्षी विसरतोस?"

"दरवर्षी म्हातारा होतो ना."

एक किलो शिजायचा. दुसरा किलो हिवाळाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत चिमण्यांना जायचा. एक पुडकं आणायला अर्धा दिवस लागतो आणि येताना डोकं दुकानात विसरून येतो, असं विदा शाळेतल्या बायकांना सांगायची आणि बायका हसायच्या. पुढे पुढे तिहोमिरच्या वेंधळेपणाची ती गोष्ट इतकी मुरली की त्यावर कोणी हसतही नसे. आणि एक गोष्ट तिला कधी खटकली नाही. तिहोमिरने आयुष्यात शाल वापरली नाही. दोन्ही पुडकी उघडी घेऊन तो दोन्ही दुकानांसमोरून चालत यायचा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिहोमिर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्या ऑक्टोबरात घर अजून शोकात होतं. बोसिल्काने भर दुकानात विचारलं, "मावशी, लूकाचं यंदा काय?" विदाचं मन तेव्हा कशात नव्हतं. "आता कसली स्लावा आणि कसलं काय," ती म्हणाली आणि पाव घेऊन निघून आली. घरी एकटीने मेणबत्ती लावली, एकटीने विझवली.

या वर्षी सप्टेंबरात दालिबोरचा फोन आला. दालिबोर तिचा एकुलता एक मुलगा, ऑस्ट्रियात लिंट्सला असतो, लिफ्ट बसवतो.

"आई, दगदग करू नकोस. मी नव्या वर्षाला येतो आणि लूकाची तसबीर घेऊन जातो. स्लावा मुलाकडे जातेच की. इथं लावू आम्ही मेणबत्ती."

"तिथं कोण येणार तुझ्याकडे?"

"तुझ्याकडे तरी कोण येतंय आता? बाबा होते म्हणून लोक यायचे. तू कोणाशी चार शब्द बोलशील तर शपथ."

खरं बोलणं लागतं, तसं ते लागलं. विदा रागीट नव्हती, पण त्या दिवशी तिला राग आला. "हे बघ," ती म्हणाली, "लोक आले तर संत इथंच राहील. नाही आले तर ने घेऊन." शब्द तोंडातून गेला तो गेला. नंतर तिने भिंतीकडे पाहिलं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून लूका तिथे होता. कडा काळवंडलेल्या, एका गालावर धुराचा डाग. तो गेला की हे घर राहणार नव्हतं. एका म्हातारीची झोपायची जागा तेवढी उरणार होती. तिला ते नको होतं. दुसरं काहीही चाललं असतं, ते नको होतं.

म्हणून तिने सगळं नीट करायचं ठरवलं, आणि पहिल्याच पायरीवर अडली. गहू घ्यायचा कोणाकडून? बोसिल्काकडून घेतला तर मिलिवोये येणार नाही. मिलिवोयेकडून घेतला तर बोसिल्का नाही आणि बोसिल्काबरोबर निम्मी गल्ली नाही. पावाचं, चीजचं शालीखाली निभून जातं. स्लावाच्या गव्हाचं तसं नव्हतं. तो कोणाच्या दुकानचा, हे वर्षभर बोललं गेलं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. तिहोमिरला हे कसं जमायचं याचा विचार तिने केला आणि तिला एकच उत्तर सुचलं. वेंधळा होता, म्हणून जमायचं.

विदा वेंधळी नव्हती. तिने तिसरा मार्ग काढला. गुरुवारी सकाळी ती चाकांची पिशवी घेऊन बसमध्ये बसली आणि बायपासजवळच्या मोठ्या दुकानात गेली.

तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. हे सुख एवढं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ढकलगाडी सुटायला आधी तिला नाणं चारावं लागलं, ते विदाला पटलं नाही. साखर शोधता शोधता ती दोनदा कुत्र्यांच्या खाण्यापाशी पोचली, तेही पटलं नाही. पण वस्तू हातात घ्यावी, उलटी करावी, वाचावी, पुन्हा ठेवून द्यावी, आणि कोणी विचारू नये की मावशी, पोट बरं नाही का! लूका यंदा शुक्रवारी आला होता, म्हणजे उपासाचा. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही; मासा चालतो. त्या दुकानात उपासाचं एक अख्खं कपाट होतं. तिने बिनअंड्याचं मेयोनेज बराच वेळ हातात धरून त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि शेवटी घेतलं. पलीकडे काचेच्या टाकीत कार्प मासे फिरत होते. रबरी एप्रन घातलेल्या माणसाला तिने बोट दाखवून एक निवडला. "हा नको, तो. त्याच्या मागचा. अरे, तो हलला!" माणसाने न हसता तिला हवा तोच पकडून दिला.

गहू, अक्रोड, पिठीसाखर, वाइन, लांब पिवळी मेणबत्ती. गल्ल्यावरच्या पट्ट्यावर हे सगळं एकामागून एक सरकत गेलं.

"कार्ड आहे?" मुलीने विचारलं.

"नाही."

"स्टिकर जमवता?"

"कसले?"

"तव्यासाठी. जमले की तवा मिळतो."

"तवा आहे माझ्याकडे."

बोलणं तिथेच संपलं. समोर गहू, मेणबत्ती आणि वाइन पडलेली असताना त्या मुलीने 'स्लावा सुखाची जावो' म्हटलं नाही. विदाच्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही. उलट, काय पटकन आटोपलं, असं तिला वाटलं.

परत येताना तिने पिशवीवर शाल पसरली, कडा खोचल्या, आणि दोन्ही दुकानांसमोरून ताठ मानेने चालत घरी आली. आत काय आहे ते कोणालाच कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या शालीने आपलं काम चोख केलं. त्या आठवड्यात विदा दोघांकडेही फिरकली नव्हती. कोणी विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते तिला जमत नसे. तिने शिळा पाव भाजून खाल्ला.

संध्याकाळी गहू शिजला. तिने तो निथळला, फडक्यावर पसरला, दळला, त्यात अक्रोड आणि साखर मिसळली, आणि काचेच्या वाडग्यात त्याचा घुमट रचून वर पिठीसाखर चाळली. शुक्रवारी सकाळी घरी भाजलेला पाव आणि गहू घेऊन ती नदीअलीकडच्या देवळात गेली. पाद्र्याने पावावर वाइन ओतली, पाव कापला. तिथे आणखी चार घरचे लूकावाले होते, सगळे नव्या इमारतींतले, अनोळखी.

घरी येऊन तिने मासा तळला. कांदा घातलेला घेवडा ओव्हनमधून काढला. अक्रोडाच्या वड्या मांडल्या. कोठारातला बाक पुसून टेबलाशी लावला, कारण खुर्च्या नेहमी कमी पडत. मेणबत्ती गव्हाच्या वाडग्यात रोवून लावली आणि दार उघडं ठेवून बसली.

दुपार झाली. पोस्टमन चढ चढून आला आणि सरळ पुढे गेला. शेजारचं एक घर बंदच होतं, तिथली माणसं जर्मनीत. दुसऱ्यात नवे भाडेकरू होते, ते 'नमस्कार' म्हणून घाईने बसकडे गेले. जेवणाची वेळ झाली, आणि टळली. पूर्वी एव्हाना सगळे पहिल्या ग्लासावरून दुसऱ्यावर आलेले असत. विदाने माशावर झाकण घातलं. थोड्या वेळाने उचलून पाहिलं, जसं काही पाहुणे त्याखालून निघणार होते. पुन्हा घातलं.

लोक वाईट, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, दालिबोरचंच खरं, लोक बाबांसाठी यायचे. नव्या वर्षाला तो येईल, तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळेल, गाडीत मागच्या सीटवर ठेवेल, आणि भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहील. तिने मनातल्या मनात त्या डागावर कॅलेंडर लावूनही पाहिलं.

तेवढ्यात खिडकीच्या कठड्यावर एक चिमणी येऊन बसली. इकडे तिकडे चोच मारली. काही नव्हतं. दुसरी आली, तिनेही तेच केलं. लूकाच्या सुमाराला कठड्यावर गहू पडू लागतो, हे त्या गल्लीतल्या चिमण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

"यंदा नाही," विदा त्यांना म्हणाली. "यंदा मी एकच किलो आणलाय. बायपासवरून. कोणाला न कळता."

आणि आपलंच वाक्य तिला ऐकू आलं.

कोणाला न कळता. शनिवारची सकाळ, दुकानात रांग, आणि तिहोमिर टोपी सावरत विचारतोय, स्लावाचा गहू आहे का? मग तेच समोरच्या दुकानात, तिथल्या रांगेपुढे, पुन्हा. मग दोन्ही पुडकी उघडी, दोन्ही बगलांत, हळूहळू चढ चढत, भेटेल त्याच्यापाशी थांबत. बोलावता येत नाही. पण गहू तर विकत घेता येतो!

विदा उठली. मेणबत्ती सोडून जाणं बरं नव्हे, म्हणून तिने ती वाडग्यासकट पाणी भरलेल्या परातीत ठेवली. "जरा लक्ष ठेव," ती लूकाला म्हणाली, "आलेच." शाल खुंटीवर होती. ती तिथेच राहिली.

बोसिल्काच्या दुकानात कारखान्यातून परतणाऱ्यांची गर्दी होती. विदाला बघून बोसिल्का गप्प झाली, आणि बोसिल्का गप्प झाली म्हणून दुकान गप्प झालं.

"बोसिल्का, स्लावाचा गहू आहे का गं?" मोठ्या पातेल्यांच्या वाफेतून पार पलीकडे ऐकू जाईल असा तो आवाज होता. विदाने तो निवृत्त झाल्यापासून वापरला नव्हता.

"आज? मावशी, अगं आज तर लूका!"

"हे तू मला सांगतेस? शिजवलाय मी. कमी पडेलसं वाटतंय."

बोसिल्का काउंटरखाली वाकली. पुडकं हाताशीच होतं. "शनिवारपासून ठेवलंय तुझ्यासाठी," ती म्हणाली, आणि एकदम तिचा चेहरा उतरला. "काका शनिवारी यायचे. तू शनिवारी आली नाहीस, सोमवारी नाहीस, काल नाहीस. मला वाटलं, सोडली हिनं. मीच सगळ्यांना सांगून बसले गं, की मावशीकडे यंदा काही नाही, उगाच दार वाजवून तिला लाजवू नका. माझ्या जिभेला काही हाड!"

"नाहीच आहे," रांगेतला एकजण म्हणाला.

"तू गप रे! मावशी, म्हणजे कोणीच आलं नाही?"

विदाने पैसे काउंटरवर ठेवले. "दार उघडं आहे," ती म्हणाली. याहून एक शब्द जास्त झाला असता तर ते बोलावणं झालं असतं. "पैसे घे लवकर. तिकडे मेणबत्ती जळतेय."

बोसिल्काने पैसे घेतले, आणि सुटे नव्हते म्हणून सवयीने दोन च्युइंगगम दिले.

रस्ता ओलांडताना विदाने पुडकं छातीशी धरलं होतं, त्यावरचं दुकानाचं नाव समोरच्याला वाचता येईल असं. मिलिवोये दारातच उभा होता. त्याने ते वाचलं होतं.

"वहिनी, हातात तो गहू, आणि माझ्या दुकानात?"

"तुझ्याकडे गहू नाही का?"

"नाही कसा? तो कोंबड्यांना घाला. माझा खरा."

"मग दे किलोभर. आणि तांदूळ घ्या म्हणू नकोस."

मिलिवोयेने पुडकं काढलं. तेही मागच्या फळीवर वेगळं ठेवलेलं होतं, हे विदाने पाहिलं. मग त्याने टीव्ही बंद केला. आतली दोन गिऱ्हाइकं वळून टीव्हीकडे बघू लागली, तो बंद असा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"शर्ट बदलून येतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठे काय? लूकाकडे. तिहोमिर असता तर आतापर्यंत मला शिव्या घातल्या असत्या."

विदा दोन्ही पुडकी दोन्ही बगलांत घेऊन चढ चढली. वाटेत भेटेल त्याच्यापाशी थांबली. काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं, म्हणून ती थंडीबद्दल बोलली. माणसं उत्तर देत, आणि बघत पुडक्यांकडे.

अंधार पडायच्या आत घर भरलं. बाक भरला, खुर्च्या भरल्या, उशिरा आलेले खिडकीशी उभे राहिले. कोणी कॉफीचं पाकीट आणलं, कोणी घरची बाटली. प्रत्येकजण दारात म्हणाला, "स्लावा सुखाची जावो, घरधनीणबाई," क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात टाकला. घरधनी या घरात एकच होता, असं वाटून विदाचे डोळे पहिल्या वेळी भरून आले. मग ते शब्द इतक्यांदा ऐकले की सवय झाली. मासा थंड झाला होता. तक्रार कोणी केली नाही. बिनअंड्याच्या मेयोनेजबद्दल मात्र दोघांनी केली.

बोसिल्का टेबलाच्या एका टोकाला, मिलिवोये दुसऱ्या टोकाला. पहिल्या बाटलीपर्यंत ते एकमेकांना दिसले नाहीत. दुसऱ्या बाटलीला बोसिल्काने गव्हाचा आणखी एक चमचा घेतला आणि भिंतीला उद्देशून म्हणाली, "दाणा बघा कसा फुललाय. आमच्या दुकानचा आहे, कळतंय लगेच."

"तुमच्या दुकानचा?" मिलिवोयेने भिंतीकडेच बघत विचारलं. "तुमच्या दुकानचा असता तर आतापर्यंत दोघांच्या दाढा पडल्या असत्या. हा माझा."

"तुझा? तुला गहू आणि जव यातला फरक तरी कळतो का रे? सरकारी दुकानात होतास तेव्हा मी लेबलं वाचून दाखवायचे तुला!"

"आणि वजन कोण करायचं? अंगठा काट्यावर ठेवून?"

"अंगठा? माझा अंगठा?"

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. सगळं टेबल ऐकत होतं, राकिया ओतत होतं, मध्येच कोणीतरी काडी टाकत होतं. शेवटी दोघे न्यायासाठी विदाकडे वळले. बायपासच्या दुकानची गव्हाची रिकामी पिशवी चुलीत जळून गेली होती, आणि त्यांची दोन न फोडलेली पुडकी आत पडद्यामागे होती.

"खा मुकाट्यानं," विदा म्हणाली. "संत बघतोय."

फोन वाजला. दालिबोर होता. "काय आई, आलं का कोणी?" त्याने विचारलं. आवाज जपून होता, नाही म्हणेल तर काय बोलायचं ते ठरवून ठेवल्यासारखा.

विदाने फोन खोलीकडे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"कोण भांडतंय?"

"पाहुणे."

मग तो म्हणाला, "अगदी बाबांच्या वेळेसारखं वाटतंय गं."

"नव्या वर्षाला ये," विदा म्हणाली. "जाताना रिकाम्या हातांनी जायचं."

सकाळी ती उशिरा उठली. घरभर ग्लास, खुर्च्या वाटेल तशा, जमिनीवर पिठीसाखर. आवरायला तिने अजून सुरुवात केली नव्हती. आधी तिने पडद्यामागची दोन पुडकी काढली, दोन्ही फोडली, आणि खिडकीच्या कठड्यावर एक मूठ याची, एक मूठ त्याची टाकली. चिमण्या लगेच आल्या. त्यांनी दुकान विचारलं नाही.

विदा खिडकीशी उभी राहिली. विसरलो गं, असं तो दरवर्षी म्हणायचा. एकदाही विसरला नव्हता. आणि ती त्याला जन्मभर वेंधळा म्हणत आली, शाळेतल्या बायकांपुढेसुद्धा, आणि तो टोपी काढून हसत बसायचा. एकदा तरी त्याने सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या किलोचे पैसे वाचवायची काहीतरी युक्ती काढली असती, आणि हेही तिला माहीत होतं.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली. ऐकायला चिमण्याच होत्या. तिने आणखी एक मूठ टाकली, मग खुंटीवरची शाल काढून खांद्यावर घेतली, कारण खिडकी तिला बंद करायची नव्हती.